गेम मध्येच का अडखळतो? लॅग स्पाइकचा माग काढण्याची रीत

ऑनलाइन गेमला लागणारा डेटा आश्चर्य वाटावं इतका थोडा असतो. नेहमीचे शूटर किंवा बॅटल रॉयल गेम खेळताना सेकंदाला एक मेगाबिटसुद्धा क्वचितच लागतो. (क्लाउड गेमिंग वेगळं, तिथे अख्खं चित्रच नेटवरून येतं.) त्यामुळे १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिटचा) प्लॅन ३०० चा करून लॅग स्पाइक, म्हणजे खेळताना अचानक येणारे झटके, जातील ही आशा बहुतेक वेळा फोल ठरते. स्पीड टेस्ट झकास, आणि गेम मात्र दर थोड्या वेळाने आचके देतोय, असं म्हणूनच होऊ शकतं. स्पीड टेस्ट सांगते की दहा सेकंदांत एकूण किती माल आला. मधल्या एखाद्या पाव सेकंदात काहीच आलं नव्हतं, हे ती सांगत नाही.

गेमला मात्र तो पाव सेकंदच नडतो. सर्व्हर ठराविक गतीने जगाची ताजी स्थिती पाठवत असतो. काही गेममध्ये सेकंदाला ६४ वेळा, व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये १२८ वेळा. १२८ च्या हिशोबाने दोन अपडेटमध्ये जेमतेम ८ मिलिसेकंद जातात. वाटेत कुठेतरी ३०० मिलिसेकंदांची अडवणूक झाली की जवळजवळ ४० अपडेट एकतर हरवतात किंवा सगळे एकदम येऊन आदळतात. समोरचा खेळाडू थिजतो, मग टुणकन भलतीकडे उगवतो, किंवा तुम्हीच चार पावलं मागे खेचले जाता.

स्पाइक म्हणजे वाटेत कुठेतरी थांबावं लागणं. म्हणून पहिला प्रश्न ‘कुठलं सेटिंग बदलू’ हा नाही. कुठे थांबावं लागतंय आणि केव्हा, हे आधी शोधायचं. ते न शोधता डीएनएस (सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) बदलणं, विंडोजच्या रजिस्ट्रीत खुडबूड करणं, नवा राउटर आणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

## पहिली पायरी: नेट अडखळतंय की मशीन?

या पायरीला पाच मिनिटं पुरतात, आणि हीच पायरी लोक हमखास गाळतात. पुढच्या वेळी स्पाइक आला की माउस हलवून कॅमेरा फिरवा. कॅमेराच अडकला, आवाज तुटला, चित्र जागेवर गोठलं, तर नेटचा संबंध बहुधा नाही. कॅमेरा लोण्यासारखा फिरतोय पण बाकीचे खेळाडू थिजलेत, दार उघडायला वेळ लागतोय, गोळी लागूनही समोरच्याचं आयुष्य कमी होत नाही, तर दोष नेटवर्कचा किंवा सर्व्हरचा.

खात्रीसाठी गेमच्या सेटिंगमध्ये पिंग (पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, जाऊन उत्तर येईपर्यंतचा वेळ), पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पॅकेटं) आणि एफपीएस (सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) दाखवणारे आकडे चालू करा. शक्य असेल तिथे आलेखच लावा. एफपीएसची सरासरी फार फसवी असते. ६० एफपीएसला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद पडद्यावर असते. त्यातली एखादी फ्रेम १२० मिलिसेकंद अडकली तर डोळ्याला झटका स्पष्ट जाणवतो, पण सरासरीचा आकडा फारसा हलत नाही. म्हणून फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख बघायचा.

मशीनच दोषी निघालं तर संशयित थोडेच असतात. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड तापून स्वतःचा वेग कमी करतंय, ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरलीय, मागे अँटिव्हायरस स्कॅन चाललंय, किंवा नव्या ठिकाणी पहिल्यांदाच गेल्यावर शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होतायत. शेवटचा प्रकार दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आपोआप विरळ होतो, त्यामुळे नवा अपडेट आला त्याच संध्याकाळी घाबरून जायचं कारण नाही. आवाजाची कडकड आणि झटका एकाच वेळी येत असेल तर विंडोजवर ‘लेटन्सीमॉन’ हे मोफत साधन चालवून बघा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय ते त्यात दिसतं, आणि कित्येकदा तो वाय-फायचाच ड्रायव्हर निघतो.

सर्व्हरचा दोष ओळखणं सोपं आहे. चॅटमध्ये सगळेच एकदम ‘लॅग’ म्हणून ओरडत असतील तर हातावर हात ठेवून बसा.

## दुसरी पायरी: तीन खिडक्या

घोडं कुठे पेंड खातंय हे शोधायला महागडं काही लागत नाही. तीन पिंग एकाच वेळी चालू ठेवायचे: एक घरातल्या राउटरला, एक इंटरनेट कंपनीच्या पहिल्या मुक्कामाला आणि एक बाहेरच्या भरवशाच्या पत्त्याला.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड द्या (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत आणि आकड्यांत करायचं). ‘डीफॉल्ट गेटवे’समोरचा पत्ता हा तुमचा राउटर. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मग ‘ट्रेसर्ट’ ही वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड ८.८.८.८ या पत्त्यासह चालवा. पहिली ओळ तुमच्या राउटरची, दुसरी साधारणपणे कंपनीच्या पहिल्या यंत्राची. दुसऱ्या ओळीत नुसतीच फुल्यांची नक्षी आली तर ज्या ओळीत पहिल्यांदा उत्तर येतं ती धरा. तिसरा पत्ता ८.८.८.८ किंवा १.१.१.१ चालेल.

आता तीन वेगळ्या खिडक्यांत या तिघांना पिंग लावा. विंडोजवर पिंग चार वेळा उत्तर घेऊन थांबतो. सतत चालवायला शेवटी ‘-टी’ जोडायचा. मॅक आणि लिनक्सवर तो आपणहून चालूच राहतो. थांबवायला कंट्रोल आणि सी. दुसरा मॉनिटर असेल तर तिथे, नसेल तर गेमच्या मागे खिडक्या ठेवा आणि खेळायला लागा. स्पाइक आला की लगेच तिकडे वळून शेवटच्या ओळी वाचा. वेळेची नोंदही हवी असेल तर ‘पिंगप्लॉटर’ वापरा. तो आलेख काढतो, आणि रात्री साडेनऊला काय झालं ते दुसऱ्या दिवशीही बघता येतं.

केबलने जोडलेल्या राउटरचं उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. चांगल्या वाय-फायवर २ ते ५, अधूनमधून १०-१५ गेलं तरी चालतं. आता वाचायचं असं:

पहिल्याच खिडकीत, म्हणजे राउटरच्या, आकडा ८०-१५०-३०० असा उसळला तर चोर घरातच आहे. बाकी दोन खिडक्याही उसळतील, कारण त्यांची वाटही राउटरवरूनच जाते. त्या वेळी कंपनीला फोन करू नका. पहिली खिडकी शांत आणि दुसरी उसळतेय, तर अडचण राउटर आणि कंपनी यांच्या मधल्या लाइनवर किंवा त्या लाइनपाशी तुम्हीच लावलेल्या रांगेत आहे. त्या रांगेबद्दल पुढे विस्ताराने येईलच. पहिल्या दोन शांत आणि तिसरीच उसळतेय, तर कंपनीच्या आतलं किंवा पलीकडचं जाळं तुंबलंय. आणि तिन्ही शांत असताना गेम अडखळला, तर गेमच्या सर्व्हरकडे जाणारा रस्ता किंवा खुद्द सर्व्हर.

एक सावधगिरी. वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला पिंग करणाऱ्या ‘विनएमटीआर’सारख्या साधनात मधल्याच एखाद्या टप्प्यावर ४० टक्के पॅकेट लॉस दिसतो आणि लोक तोच स्क्रीनशॉट घेऊन भांडायला जातात. मधली यंत्रं दुसऱ्यांची पॅकेटं पुढे ढकलण्याचं काम आधी करतात. पिंगला स्वतः उत्तर देणं हे त्यांच्या लेखी फावल्या वेळचं काम. तिथला लॉस पुढच्या सगळ्या टप्प्यांवर शेवटपर्यंत दिसत राहिला तरच तो खरा. नुसता मध्येच दिसून पुढे शून्य होत असेल तर दुर्लक्ष करा. काही राउटरही स्वतःला आलेल्या पिंगला असंच सुस्तपणे उत्तर देतात. म्हणून पहिली खिडकी उसळली त्या क्षणी तिसरीही उसळली का, हे नेहमी ताडून बघायचं.

## तिसरी पायरी: घड्याळ काय सांगतंय?

जागेइतकीच वेळ महत्त्वाची. माझ्या मते स्पाइकच्या वेळा कागदावर लिहून काढणं हे या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित साधन आहे.

स्पाइक घड्याळ लावल्यासारखा ठराविक अंतराने येत असेल तर ते नैसर्गिक नाही; कुठलं तरी सॉफ्टवेअर पाळी लावून काम करतंय. वाय-फायवर हे बहुधा आसपासची नेटवर्क शोधणारं स्कॅन असतं. स्कॅन करताना कार्ड क्षणभर तुमचं चॅनेल सोडून इतर चॅनेलवर कान लावतं, आणि तेवढ्या वेळात तुमची पॅकेटं ताटकळतात. विंडोजमध्ये वाय-फाय अॅडॅप्टरच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘रोमिंग अॅग्रेसिव्हनेस’ असेल तर ती सर्वांत खाली आणा, आणि खेळताना लोकेशन सेवा बंद ठेवून बघा. मॅकवर एअरड्रॉप आणि एअरप्ले ज्या यंत्रणेवर चालतात तीही वाय-फायला मधूनमधून दुसऱ्या चॅनेलवर नेते. ती दोन्ही बंद करून फरक पडतो का पाहा.

फक्त रात्री आठ ते अकरा त्रास होतो आणि पहाटे सगळं गुळगुळीत चालतं, तर गर्दी. ती शेजारच्या वाय-फायची असेल किंवा कंपनीच्या जाळ्यातली. यातली कुठली, ते पहिली खिडकी सांगेल. घरातलं दुसरं कोणी फोटो चढवतंय, व्हिडिओ कॉलवर आहे, गेम डाउनलोड करतंय तेव्हाच होतं, तर तुमची स्वतःची रांग. राउटर सुरू केल्यावर दोन-तीन दिवस बरं आणि मग बिघडत जातं, तर राउटर तापतोय किंवा त्याची जोडण्यांची यादी भरतेय. टॉरेंट चालणाऱ्या घरात हे विशेष. काहीच ताळमेळ नाही, पण प्रत्येक वेळी पॅकेट लॉस मात्र आहे, तर केबल, कनेक्टर किंवा कमजोर सिग्नल.

## वाय-फाय: संशयितांतला पहिला

आधी वीस मिनिटं केबल लावून खेळा. लांबलचक केबल खोलीतून आडवी गेली तरी चालेल, चाचणीपुरतीच आहे. केबलवर स्पाइक गेले तर वाय-फायवर वेळ घालवण्यात अर्थ आहे. नाही गेले तर हा भाग सोडून पुढे जा.

कायमची केबल टाकता आली तर त्याहून चांगला उपाय नाही. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग नेते. ‘गेमिंग केबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चकचकीत वस्तूंनी पिंग कमी होत नाही. जोडल्यावर अॅडॅप्टरच्या स्टेटसमध्ये लिंकचा वेग मात्र बघा. राउटर गिगाबिटचा असून तिथे १०० एमबीपीएस दिसत असेल तर केबलमधली एखादी तार तुटलीय किंवा पिन नीट बसलेली नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणून अर्धवट तुटलेली केबल गुपचूप खालच्या वेगाने चालत राहते. विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अॅडॅप्टर कुणाकडे छान चालतात, कुणाकडे घरातली मोटर सुरू झाली की पिंग उसळतो.

वाय-फायच वापरायचं असेल तर २.४ गिगाहर्ट्झ सोडा. ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि शेजाऱ्यांचे राउटर, सगळे त्याच पट्ट्यात. तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. नाइलाज असेल तर या तिघांतलं सर्वांत रिकामं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: यूएसबी ३.० ची उपकरणं आणि केबली २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. बाहेरची हार्ड डिस्क आणि वाय-फायचा डाँगल शेजारी-शेजारी खोचलेले असतील तर डाँगल छोट्या एक्स्टेंशन केबलने दूर न्या.

५ गिगाहर्ट्झवर त्रास वेगळा असतो. त्यातली ५२ ते १४४ ही चॅनेल बहुतेक देशांत रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली की ते चॅनेल सोडणं त्याला बंधनकारक असतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जाण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. दिवसातून एक-दोनदा वाय-फाय मिनिटभर पूर्ण जातं आणि परत येतं, असं असेल तर चॅनेल ३६, ४०, ४४ किंवा ४८ वर हातानेच नेमून ठेवा.

वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी सहसा एकच उपकरण बोलू शकतं. दूरच्या खोलीतला जुना फोन कमजोर सिग्नलवर हळूहळू बोलत असेल तर तो तेवढा वेळ सगळ्यांचाच खातो. मेश (घरभर सिग्नल पोचवायला अनेक डबे) लावलेला असेल आणि त्याचे डबे आपापसांतही वाय-फायनेच बोलत असतील तर प्रत्येक टप्प्याला ही वाटणी पुन्हा होते. गेमिंगचं मशीन मुख्य डब्यालाच जोडा, किंवा डब्यांमध्ये केबल टाका.

## तुमचीच रांग: बफरब्लोट

माझ्या अंदाजाने केबल लावूनही न जाणाऱ्या घरगुती स्पाइकचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

राउटर आणि मोडेममध्ये पॅकेटं तात्पुरती ठेवायला मेमरी असते, ती बफर. मेमरी स्वस्त झाली तसे हे बफर फुगत गेले. पॅकेट टाकून देण्यापेक्षा साठवलेलं बरं, असा भाबडा विचार त्यामागे होता. २०१० च्या सुमारास संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांना घरच्याच जोडणीवर या प्रकाराने सतावलं, त्यांनी त्याचा छडा लावला आणि ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झालं.

गणित करून बघा. तुमचा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि मोडेममध्ये अपलोडसाठी १ मेगाबाइटचा बफर आहे. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. तो पूर्ण भरला तर शेवटच्या पॅकेटला बाहेर पडायला ०.८ सेकंद लागणार. फोनने फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की हा बफर काठोकाठ भरतो, आणि तुमच्या गेमचं इवलंसं पॅकेट त्या ८०० मिलिसेकंदांच्या रांगेत सर्वांत मागे उभं राहतं. फोटो चढले की रांग ओसरते, पिंग पूर्ववत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नेट उगाचच अडखळलं.

तपासणी सोपी. तिसऱ्या खिडकीतला पिंग चालू ठेवा आणि मोठी फाइल कुठल्याही क्लाउडवर अपलोड करायला लावा. नंतर तसंच डाउनलोडचं. रिकाम्या लाइनवर २० असलेला पिंग भरल्या लाइनवर ३५-४० झाला तर ठीक. २०० च्या पुढे गेला तर निदान झालं. ‘वेव्हफॉर्म’ची बफरब्लोट चाचणी हेच ब्राउझरमध्ये करून सरळ श्रेणी देते.

आधी लाइन कोण भरतंय ते पकडा. विंडोजच्या ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये नेटवर्कचा विभाग उघडला की कुठला प्रोग्रॅम किती पाठवतोय ते दिसतं. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, आयक्लाउड, फोनमधले फोटो बॅकअप आणि गेम लाँचरचे अपडेट. विंडोजचं ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ तुमच्या मशीनवरून इतरांना अपडेट पाठवू शकतं. ते सेटिंगमध्ये बंद करता येतं. यातल्या बऱ्याच प्रोग्रॅमना अपलोडची मर्यादाही घालता येते.

पण घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर पहारा ठेवणं शक्य नाही, आणि करूही नये. खरा उपाय राउटरमध्ये आहे: रांग हुशारीने चालवणं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे यापेक्षा पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं हे ती मोजते, आणि वेळ वाढत चालला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावते. तिच्यावर आधारलेली ‘एफक्यू-कोडेल’ प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, त्यामुळे गेमचं पॅकेट फोटोंच्या मागे अडकत नाही. ‘केक’ ही त्याच घराण्यातली पुढची पायरी. हे सगळं राउटरच्या सेटिंगमध्ये बहुधा ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ अशा नावाने मिळतं. ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हे मुक्त सॉफ्टवेअर बसवलेल्या राउटरवर नक्कीच.

चालू करताना असं करा. केबलवरून, घरातलं बाकी सगळं थांबवून, वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा वेग मोजा. त्यातला सर्वांत कमी आकडा घ्या आणि एसक्यूएममध्ये डाउनलोड व अपलोड दोन्ही त्याच्या ८५ ते ९० टक्के भरा. आपलाच वेग कापायला लोक बिचकतात. पण रांग तयार व्हायची ती आपल्या ताब्यातल्या राउटरमध्येच व्हावी म्हणून हे करायचं. पूर्ण वेग दिला तर रांग पुन्हा मोडेममध्ये किंवा कंपनीकडे जाऊन बसते, तिथे आपला हात पोचत नाही. मग पुन्हा अपलोड लावून पिंग बघा. शांत राहिला तर आकडा दोन-दोन टक्क्यांनी वाढवत न्या. उसळायला लागला की एक पाऊल मागे. राउटरचा प्रोसेसर अगदीच अशक्त असेल तर एसक्यूएम लावल्यावर एकूण वेगच धाडकन खाली येतो, तेव्हा मात्र दुसरा राउटर घेण्याला कारण आहे. खोक्यावर ‘गेमिंग’ लिहिलंय का, हे बघू नका. त्यात एसक्यूएम आहे का, ते विचारा.

## स्वतः स्ट्रीम करत असाल तर

खेळता-खेळता स्ट्रीम करणारा माणूस वरच्या रांगेत स्वतःच्या हाताने भर घालत असतो. म्हणून स्ट्रीम सुरू केल्यावरच पिंग उसळत असेल तर आधी अपलोडचा हिशोब मांडा. घरातला सर्वांत वाईट वेळचा अपलोड मोजा आणि स्ट्रीमचा बिटरेट (सेकंदाला पाठवला जाणारा डेटा) त्याच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवा. ट्विचवर सर्वसाधारण स्ट्रीमसाठी ६,००० केबीपीएसची शिफारस आहे. म्हणजे अपलोड खात्रीने ९-१० एमबीपीएस हवा. तेवढा नसेल तर १०८०पी चा हट्ट सोडून ७२०पी आणि ३,००० ते ४,००० केबीपीएस. प्रेक्षकाला किंचित मऊ चित्र चालतं, तुटणारं चालत नाही. रेट कंट्रोल ‘सीबीआर’ (स्थिर बिटरेट) ठेवा, म्हणजे धुमश्चक्रीच्या दृश्यात बिटरेट अचानक उसळणार नाही. कीफ्रेमचं, म्हणजे अख्खं चित्र नव्याने पाठवणाऱ्या फ्रेमचं, अंतर २ सेकंद.

प्रेक्षक ‘स्ट्रीम अडकतेय’ म्हणाले तर लगेच नेटला दोष देऊ नका. ओबीएस या स्ट्रीम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डॉक्स’खाली ‘स्टॅट्स’ उघडा. तिथे फ्रेम वाया जाण्याची तीन वेगळी कारणं तीन वेगळ्या ओळींत असतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं.

‘ड्रॉप्ड फ्रेम्स’समोरचा नेटवर्कचा आकडा वाढत असेल तरच प्रश्न नेटचा. स्ट्रीम बहुतेक वेळा टीसीपीवरून जाते, म्हणजे हरवलेलं प्रत्येक पॅकेट पुन्हा पाठवावं लागतं. मागे साचत गेलं की ओबीएस फ्रेम टाकून देतो. बिटरेट उतरवा, दुसरा इनजेस्ट सर्व्हर (तुमची स्ट्रीम स्वीकारणारा) निवडा (सर्वांत जवळचाच सर्वांत चांगला असेल असं नाही), आणि गर्दीत बिटरेट आपोआप बदलण्याचा पर्याय चालू करा.

‘एन्कोडिंग लॅग’ वाढत असेल तर एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लहान करणारा भाग, दमलाय. एक्स२६४ हा एन्कोडर वापरत असाल तर तो गेमच्याच प्रोसेसरवर ओझं टाकतो; एनव्हीईएनसीसारखा ग्राफिक्स कार्डातला स्वतंत्र एन्कोडर निवडा किंवा प्रीसेट वेगवान करा.

‘रेंडरिंग लॅग’ म्हणजे गेमने ग्राफिक्स कार्ड पूर्ण व्यापलंय आणि ओबीएसला चित्र जुळवायलाही जागा उरलेली नाही. यावर गेमच्या एफपीएसला मर्यादा घालणं हा रामबाण. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर २६० एफपीएस काढून कार्ड शंभर टक्क्यांवर रडवण्यापेक्षा १४० वर थांबवा. विंडोजवर ओबीएस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला तर ग्राफिक्स कार्डाकडे त्याला प्राधान्य मिळतं; बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं.

दुसऱ्याची स्ट्रीम नुसती बघताना अडखळत असेल तर ते प्रकरण गेमपेक्षा सौम्य आहे. प्लेअर काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवतो, त्यामुळे ३०० मिलिसेकंदांचा स्पाइक तिथे कळतही नाही. तिथे चक्र फिरायला लागलं तर बहुधा खरोखर वेग कमी पडतोय. ‘लो लेटन्सी’ पर्याय बंद केला की साठा वाढतो.

## ज्यात वेळ घालवू नये

डीएनएस बदलल्याने सर्व्हरचा पत्ता शोधायला लागणारा वेळ बदलतो. सामना सुरू झाल्यावर तो पत्ता आधीच सापडलेला असतो. खेळतानाच्या स्पाइकशी संबंध नाही. रजिस्ट्रीतल्या बऱ्याच प्रसिद्ध युक्त्या टीसीपीच्या आहेत, आणि वेगवान गेम बहुधा यूडीपी (हरवलेलं पॅकेट आपणहून पुन्हा न पाठवणारी पद्धत) वापरतात. गेमिंग व्हीपीएनचा (तुमची पॅकेटं दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेचा) उपयोग एकाच स्थितीत: तिसरी पायरी आणि तीन खिडक्या मिळून दोष कंपनीच्या पलीकडच्या रस्त्याचा ठरला असेल तर. तेव्हा व्हीपीएन वेगळ्या वाटेने नेऊ शकतो. दोष वाय-फायचा असेल तर तो आणखी एक थांबा वाढवतो, इतकंच.

आणि अंतर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. ४,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन-येऊन सरळ रेषेतसुद्धा ४० मिलिसेकंद लागणारच, आणि केबली सरळ रेषेत जात नाहीत. तो पिंग स्थिर असतो, त्याला स्पाइक म्हणू नका. गेममध्ये जवळचा रीजन निवडा.

## कंपनीशी बोलताना

दोष दुसऱ्या किंवा तिसऱ्या खिडकीत पक्का झाला, एसक्यूएम लावूनही राहिला, तरच फोन उचला. ‘गेम लॅग होतो’ असं सांगितलंत तर राउटर बंद-चालू करायला सांगतील आणि तक्रार मिटल्याची नोंद होईल. त्याऐवजी असं सांगा: मशीन केबलने जोडलेलं आहे, राउटरचा पिंग १ मिलिसेकंदाच्या आत स्थिर आहे, तुमच्या पहिल्या यंत्राचा पिंग रोज रात्री अमुक ते अमुक वेळेत इतक्यावरून इतक्यावर जातो, हा चार दिवसांचा आलेख. सोबत त्याच यंत्राचा पहाटेचा आलेखही द्या, तुलनाच बोलते.

फायबर असेल तर ओएनटीच्या, म्हणजे कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याच्या, स्टेटस पानावर ‘आरएक्स पॉवर’ बघा. नेहमीच्या जीपॉन जोडणीत हा आकडा उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये हवा. उणे २७ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर फायबर कुठेतरी दुमडलीय, कनेक्टर मळलाय किंवा जोड खराब आहे. पिवळी किंवा पांढरी बारीक केबल टेबलाच्या पायाखाली दाबली गेली नाही ना, हे आधी स्वतः बघा, पण तिचं कनेक्टर काढून टोकाला बोट लावू नका. उघड्या टोकात डोळाही लावू नका. त्यातून येणारा लेझर दिसत नाही, पण असतो.

त्यांनी दाद दिलीच नाही तर एक शेवटची चाचणी. स्पाइकच्या त्याच वेळेत फोनचा हॉटस्पॉट यूएसबी केबलने मशीनला जोडा आणि त्याच तिसऱ्या पत्त्याला अर्धा तास पिंग लावा. मोबाइलचा पिंग सरासरीने जास्तच येईल, ते बाजूला ठेवा. घरच्या लाइनवर दिसणारे ठराविक वेळेचे डोंगर तिथेही उठतात का, एवढंच पाहा. उठत नसतील तर दोन्ही आलेख एकाखाली एक लावून लेखी तक्रारीला जोडा, आणि शेजारी-पाजारी दुसऱ्या कंपनीची लाइन वापरणारं कुणी असेल तर त्यांच्याकडेही रात्री त्याच वेळी तोच पिंग लावून बघा. कंपनी बदलायची की नाही हे त्या आकड्यावर ठरवा.